गाडी आपली, चावी कंपनीची

‘गाडीचा खर्च निम्मा करा, फक्त या दहा गोष्टी पाळा.’ असले व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. टायरमधली हवा तपासा. क्लचवर पाय ठेवून बसू नका. एसी जपून लावा. सिग्नलला इंजिन बंद करा. सल्ले खोटे नाहीत, मी स्वतः त्यातले बरेचसे पाळतो. पण दहाच्या दहा सल्ल्यांचा रोख एकाच माणसाकडे असतो, गाडी चालवणाऱ्याकडे. खर्च वाढला ना, मग चूक तुझीच. तुला गाडी नीट चालवता येत नाही. बिल कोणी बनवलं, त्यात काय काय घातलं, सुट्या भागाची किंमत कोणी ठरवली आणि तोच भाग दुसरीकडे का मिळत नाही, हे प्रश्न अकरावा मुद्दा म्हणूनही येत नाहीत.

वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या माणसाला ‘हळुवार अ‍ॅक्सिलरेट करा’ म्हणून सांगणं हा विनोद आहे. माझं घर शिरूर तालुक्यात, नोकरी खराडीत, अर्धे नातेवाईक दौंड तालुक्यात. म्हणजे पुणे-नगर रस्ता रोजचा आणि न्हावरा-चौफुला रस्ता सणासुदीचा. पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. या दोन्ही अनुभवांतून माझं एक मत पक्कं झालंय. गाडीवर होणाऱ्या फालतू खर्चातला मोठा वाटा आपल्या पायामुळे होत नाही. दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि गाडीतलं सॉफ्टवेअर कुलपात ठेवलंय म्हणून होतो. आणि ते कुलूप टिकवायला आपली भीती मदत करते.

एक इंजिन, तीन नावं

लांब कशाला जायचं? आमच्याच तालुक्यात रांजणगाव एमआयडीसीमध्ये फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला कारखाना आहे. तिथं वर्षानुवर्षं 1.3 लिटरचं एक डिझेल इंजिन बनत होतं. फियाटच्या गाडीत बसलं की ते ‘मल्टिजेट’, टाटाच्या गाडीत ‘क्वाड्राजेट’. हेच डिझाइन मारुतीच्या गाड्यांत ‘डीडीआयएस’ नावानं धावलं. 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि या इंजिनाचा भारतातला प्रवास थांबला, पण ती इंजिनं असलेल्या गाड्या आजही आपल्या भागात रोज दिसतात.

हे उदाहरण मुद्दाम देतोय. ‘आमच्या गाडीला आमचंच सर्व्हिस सेंटर लागतं’ ही श्रद्धा जिथं तयार होते, तिथं एक साधी गोष्ट विसरली जाते. गाडी ही कुणा एका कंपनीची निर्मिती नसते. शॉकअप एक कंपनी बनवते, अल्टरनेटर दुसरी, क्लच प्लेट तिसरी, हेडलाइट चौथी. चाकण, रांजणगाव, भोसरी इथल्या कितीतरी शेडमध्ये हेच काम चालतं. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मित्र, शेजारी तिथं शिफ्ट करतात. गाडीची कंपनी हे सगळं विकत घेते, जोडते आणि वर आपला लोगो लावते. नंतर तोच भाग दोन खोक्यांतून बाजारात येऊ शकतो, एक गाडीच्या कंपनीचं आणि एक तो भाग बनवणाऱ्याचं. दुसरं खोकं बऱ्याचदा स्वस्त असतं. म्हणूनच ते दुसरं खोकं आपल्यापर्यंत पोहोचू नये यासाठी बरीच खटपट झाली आहे.

आयोगानं काय सांगितलं होतं

ही माझी शंका नाही. देशाच्या स्पर्धा आयोगानं म्हणजे कॉम्पिटिशन कमिशननं हे तपासलेलं आहे. शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाच्या तक्रारीवरून 2011 मध्ये प्रकरण सुरू झालं आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी निकाल आला. 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावण्यात आला. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं: सुटे भाग बनवणाऱ्यांना ते खुल्या बाजारात विकण्यापासून अडवलं गेलं, बाहेरच्या गॅरेजना दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं दिली गेली नाहीत, आणि एकदा गाडी घेतली की ग्राहक त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बांधला गेला. तपासात सुट्या भागांवरची किंमतवाढ साधारण 100 टक्क्यांपासून काही भागांवर 5,000 टक्क्यांपर्यंत असल्याचं पुढे आलं होतं.

दंडाचा आकडा सगळ्या पेपरांत छापून आला. आदेशातला आपल्या कामाचा भाग मात्र फार कमी लोकांपर्यंत गेला. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं आयोगानं कंपन्यांना सांगितलं. सुटे भाग, त्यांच्या एमआरपी, ते कुठे मिळतील आणि देखभालीला किती खर्च येतो, ही माहिती वेबसाइटवर उघड ठेवा, असंही सांगितलं.

पुढे जे होतं ते झालं. कंपन्या अपिलात गेल्या. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणानं काही कंपन्यांबाबतचे निष्कर्ष कायम ठेवले, पण दंड मोजण्याचा आधार आकुंचित केला. निकालाला आता दशक उलटून गेलं. तुम्ही मात्र सर्व्हिस काउंटरवर विचारून बघा, ‘बाहेर ऑइल बदललं तर चालेल का?’ समोरचा मान हलवून म्हणेल, ‘वॉरंटी जाईल सर.’ ऑइल बदलल्यानं खिडकीच्या काचेच्या मोटरची वॉरंटी कशी जाते, हे विचारायचं धाडस किती जणांनी केलंय?

आता कुलूप सॉफ्टवेअरचं

पूर्वी पाना आणि अनुभव असला की मेकॅनिकचं भागायचं. आता बॉनेटखाली कॉम्प्युटर आहेत, एक नाही, अनेक. स्टेअरिंगच्या खाली एक छोटं सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. हजार रुपयांच्या आत ब्लूटूथवाला स्कॅनर मिळतो. तो तिथं लावला की पिवळा इंजिनचा दिवा का लागलाय त्याचा कोड फोनवर दिसतो. पी-0300 म्हणजे मिसफायर, पी-0420 म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची खूण. हे कोड सगळ्या कंपन्यांना सारखे असतात, ते कोणालाही वाचता येतात.

पण दार एवढंच उघडं आहे. त्यापुढचे कंपनीचे स्वतःचे कोड, नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा नंबर कॉम्प्युटरला कळवणं, हरवलेल्या चावीच्या जागी नवी चावी ओळखवणं, अशी कामं बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या यंत्राशिवाय होत नाहीत. म्हणजे मिस्त्रीनं भाग बरोबर ओळखला, बरोबर आणला, बरोबर बसवला, तरी गाडी त्याला ‘तू कोण?’ म्हणते.

आमच्या क्षेत्रात याला सुरक्षा म्हणायची पद्धत आहे. मी रोज पासवर्ड, टोकन, परवानग्या यांचंच काम करतो, त्यामुळे खरी सुरक्षा आणि सुरक्षेच्या नावाखालची मक्तेदारी यातला फरक मला दाखवून द्यावा लागत नाही. चोराला गाडी चालू करता येऊ नये, ही सुरक्षा. मालकानं निवडलेल्या कारागिराला मालकासमोर गाडी दुरुस्त करता येऊ नये, याला मी सुरक्षा म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये मतदारांनी थेट मतदान करून बाहेरच्या गॅरेजना तीच दुरुस्ती-माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला. 2020 मध्ये गाडी वायरलेस पाठवते त्या डेटासाठीही पुन्हा मतदान केलं. तिथं गाड्यांची चोरी वाढेल म्हणून कोणी हक्क सोडून दिला नाही.

आपल्याकडे 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. शेतीची अवजारं घेतली हे बरंच झालं, कारण शिरूर-दौंडमध्ये कारइतकाच ट्रॅक्टरही घराच्या हिशेबात असतो. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीनं स्वखुशीनं माहिती टाकली तर ठीक, नाही टाकली तर आपण काय करणार?

एस्टिमेट वाचायला शिका

आमच्या घरी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. मागच्या वर्षी वडिलांनी ती एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली. कोणतं ते सांगत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एस्टिमेट आलं 14,800 रुपयांचं. त्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक पॅड होते. त्यासोबत इंजिन फ्लशिंग, इंजिन डीकार्बनायझेशन, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, रॅट रिपेलंट स्प्रे आणि ‘इंटिरिअर एन्रिचमेंट’ही होतं. शेवटच्या शब्दाचा अर्थ मला अजून कोणी सांगितलेला नाही.

मी गाडीचं ओनर्स मॅन्युअल काढलं. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेलं असतं ते. त्याच्या मागच्या पानांवर किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, याचा तक्ता असतो. तक्त्यात नसलेली कामं मी एस्टिमेटमधून काढायला सांगितली. ब्रेक पॅडची जाडी मोजून फोटो पाठवा म्हटलं. फोटो आला, पॅड अजून अर्धे शिल्लक होते. बिल झालं 6,100. गाडी तीच, काम तेच, फरक 8,700 रुपयांचा.

त्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरवर माझा राग नाही. तो माझ्याच वयाचा असेल. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं आणि असल्या ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड’ कामांवर त्याचा इन्सेन्टिव्ह ठरतो, असं त्यानंच बोलता बोलता सांगितलं. पगार अशा रीतीनं ठरवला की प्रामाणिक माणूससुद्धा तुम्हाला रॅट रिपेलंट विकणार.

म्हणून पैसे वाचवण्याचा माझा सल्ला क्लचपासून सुरू होत नाही, कागदापासून होतो. काम सुरू करण्याआधी लेखी एस्टिमेट घ्या. प्रत्येक ओळ मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडून बघा. ऑइलची ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. ग्रेड आणि दर्जा तोच असेल तर डब्यावर गाडीच्या कंपनीचं नाव असण्याची गरज नाही. बदललेला जुना भाग परत मागा. खोक्यावरची एमआरपी बघा. टायर बदला म्हणाले तर खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलंय का बघा, तो उंचवटा 1.6 मिलिमीटरची खूण असतो. नवा टायर घेताना बाजूचा चार आकडी कोड वाचा. त्यात आधी आठवडा असतो, मग वर्ष, त्यामुळे गोदामात तीन वर्षं पडलेला टायर लगेच कळतो. बिल नाकारणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीसाठी 1915 हा हेल्पलाइन नंबर आहे.

गल्लीतल्या गॅरेजची बाजू, आणि त्याचे कान

या सगळ्यात ज्याचं नाव कुठेच येत नाही तो म्हणजे आपला मिस्त्री. तालुक्याच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून निघालेला, कुणाच्या तरी हाताखाली चार वर्षं हात काळे केलेला, आणि मग रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकलेला. त्याला इंग्रजीत ‘अनऑथराइज्ड’ म्हणतात. अधिकार नसलेला. हा अधिकार द्यायचा कोणी? गाडी माझ्या नावावर, आरसी माझ्या नावावर, मग कोणाला हात लावू द्यायचा हे मी ठरवणार ना?

भावनेच्या भरात गॅरेजवाल्याची आरती मात्र करणार नाही. डुप्लिकेट ब्रेक पॅड ओरिजिनलच्या खोक्यात घालून देणारे आहेत. ‘बिल कशाला, जीएसटी वाचेल’ म्हणणारे आहेत. आवाज ऐकून अंदाजानं एकामागून एक भाग बदलणारे आहेत, आणि त्या अंदाजाचे पैसे आपण भरतो. यावर उपाय त्याला बाजूला सारण्याचा नाही. त्याला खरी माहिती, खरे भाग आणि तपासणीचं यंत्र रास्त किमतीत मिळालं पाहिजे, आणि आपण त्याच्याकडून पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागितलं पाहिजे. बिल मागणारं गिऱ्हाईक मिळालं की चांगला गॅरेजवाला सुधारतो. पुण्यात नाना पेठेत जाऊन पार्ट नंबरवरून भाग आणणारे, खोकं समोर फोडणारे मिस्त्री आमच्याकडे आहेत. त्यांना टिकवायचं आहे.

कारण हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत रात्री दहाला गाडी बंद पडली, तर फोन कोणाला लागतो? कंपनीची टो-व्हॅन पुण्याहून निघेल तेव्हा निघेल. त्याआधी मोटारसायकलवर पान्यांची पिशवी लटकवून जो येतो, तो हाच अनऑथराइज्ड माणूस. दिवसाची कामं त्याच्याकडून काढून घेतली तर रात्री तो शेडमध्ये कशासाठी थांबेल? आणि आयटीआयच्या मुलाला शिकलेली विद्या वापरायला फक्त सर्व्हिस सेंटरची कमी पगाराची नोकरी उरली, की ‘भाग काढ, नवा लाव’ एवढंच त्याच्या हाती राहणार. दुरुस्ती नावाची कला आपण अशीच घालवणार आहोत.

‘त्यापेक्षा नवीनच घे की’

हा सल्ला ऑफिसात फुकट मिळतो. गाडी दहा वर्षांची झाली, 40,000 चं काम निघालं, की चार जण सांगतात, जुन्यावर खर्च करू नको. जरा हिशेब करू. 8 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, 7 वर्षं. हप्ता जवळपास 12,900 रुपये. वर्षाला दीड लाखाच्या वर. नुसतं व्याजच सात वर्षांत 2 लाख 80 हजारांच्या घरात जातं. वरून नव्या गाडीचा महागडा विमा. म्हणजे जुन्या गाडीला दरवर्षी 40,000 लागले तरी नवी गाडी खिशाला तिप्पट-चौपट जड. पत्रा सडला असेल, एअरबॅगसारखी सुरक्षा हवी असेल, तर जरूर नवी घ्या. पण ‘क्लच प्लेट गेली’ हे नवी गाडी घेण्याचं कारण नाही. दुरुस्ती मुद्दाम महाग आणि अवघड ठेवली की नवी गाडी शहाणपणाची वाटायला लागते. यात कोणाचा फायदा आहे ते उघड आहे.

टाकीतही तेच

आणि आता इंधनातही आपल्याला विचारायची गरज उरलेली नाही. 2025 मध्ये देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. मी उसाच्या पट्ट्यातला आहे, इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा खेळतो आणि त्यातून शेतकऱ्याची बिलं निघतात हे मला ठाऊक आहे. इथेनॉलला माझा विरोध नाही. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या रचनेच्या कारचं मायलेज 6 ते 7 टक्के घटू शकतं असं म्हटलं होतं. कमीत कमी 4 टक्के धरा. वर्षाला 10,000 किलोमीटर, लिटरला 15 चं अ‍ॅव्हरेज आणि 104 रुपये भाव धरला, तर वर्षाला 2,800 रुपये जास्त. हवा तपासून, एसी बंद ठेवून घामाघूम होऊन जे वाचवलं ते इथं गेलं. ऊर्जा कमी असेल तर भाव कमी लावा, किंवा जुन्या गाड्यांसाठी पंपावर कमी मिश्रणाचा पर्याय ठेवा. यात अवाजवी काय आहे? आमच्याच शेतातला ऊस, आमचीच गाडी, आणि निवड करायचा हक्क तेवढा आमचा नाही.

मागणं काय आहे

कंपन्यांनी रिपेअर मॅन्युअल आणि सुट्या भागांच्या किमती उघड कराव्यात, 2014 ला आयोगानं सांगितल्याप्रमाणे. तपासणीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजना रास्त फी घेऊन द्यावं. वॉरंटीच्या नावाखाली धमकावणं बंद व्हावं. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा व्हावा, त्यात कार आणि ट्रॅक्टर दोन्ही असावेत. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये पान्यासोबत स्कॅनरही शिकवला जावा.

हे होईपर्यंत आपण काय करायचं? गाव, कॉलनी, मित्रांचा ग्रुप, कुठेही पाच-सहा गाडीवाल्यांनी मिळून एक चांगला स्कॅनर घ्यावा. एक शेअर केलेली शीट करावी. कोणत्या कामाला कुठे किती लागले, पार्ट नंबर काय, किती किलोमीटर टिकला, सगळं त्यात. सर्व्हिस सेंटरकडे लाखो गाड्यांचा डेटा असतो, म्हणून तो आत्मविश्वासानं एस्टिमेट देतो. आपल्याकडे निदान सहा गाड्यांचा तरी असावा. आणि उद्या कुणी ‘वॉरंटी जाईल’ म्हणालं, तर शांतपणे एवढंच सांगा: ‘लिहून द्या. कुठल्या भागाची, आणि कुठल्या नियमानं.’